वड्यांच्या पुडीत गेलेली कादंबरी

मुखपृष्ठ उरलं नाही, तेव्हा माझं नाव विचारू नका. मी एक कादंबरी आहे. अंगाला तेलाचा वास येतो, कडा खाल्ल्यासारख्या दिसतात, आणि पाठ केस विणायच्या काळ्या दोऱ्याने शिवलेली आहे. पण मीही एकेकाळी नवी कोरी होते हो!

माझा जन्म लागोसच्या एका छापखान्यात झाला. मी छापली जात असतानाच वीज गेली, मग जनरेटर खोकत खोकत सुरू झाला आणि उरलेली मी त्याच्या धुरात जन्मले. मला लिहिलं मोरेनिके नावाच्या मुलीने. लिहिताना भारी धीट, पण स्वभावाने पक्की भित्री! मावशीच्या हातात मला द्यायचं धाडस काही तिला झालं नाही. मग तिने काय करावं? स्वतःच्या साखरपुड्याला मावशीने नेसायचं निळं कापड घेतलं, त्याच्या घडीत मला खुपसलं आणि इबादानच्या बसवाल्याबरोबर पाठवून दिलं.

मावशी म्हणजे सिदिकात. इबादानच्या मोकोला वस्तीत तिचं केस विणायचं सलून आहे. बहीण वारल्यावर बहिणीची लेक तिनेच वाढवली. नवरा कुवेतला कामाला असतो आणि दर ईदला उंची कापडं पाठवतो, असं ती सांगायची आणि सगळं मोकोला माना डोलवायचं. बाई तोंडाची फटकळ, हाताची मऊ. मला पाहून तिला आभाळ ठेंगणं झालं. केसांच्या टोपांच्या फळीवर मला उभं करून ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "माझ्या पोरीने लिहिलंय. आहे कुणाची अशी पोर?"

इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा. पण बारीक वेण्या घालायच्या म्हणजे गिऱ्हाईक अर्धा दिवस खुर्चीत अडकलेलं. वुराओला नावाची एक नर्स तिची जुनी मैत्रीण. तिला सिदिकातनेच फर्मावलं, "नुसती बसतेस काय? वाच मोठ्याने. आणि आपल्या भाषेत सांग."

अशी मी वाचली जाऊ लागले, आणि सलून भरू लागलं. माझी नायिका रिस्कात. ती खाणावळ चालवते, रश्शात पाणी वाढवते, शेजाऱ्यांच्या दाराला कान लावते आणि उपाशी माणूस दिसला की शिव्या देत देत त्याला जेवू घालते.

"हे कसलं पुस्तक?" एक बाई म्हणाली. "शाळेत वाचायचो त्यात राजे होते, लढाया होत्या. यात तर पाण्याची टाकी आणि खडूस घरमालक! हे बघायला पुस्तक कशाला, खिडकी आहे की."

"आणि चांगलं माणूस एकही नाही," दुसरी म्हणाली.

"चांगली माणसं माझ्या खुर्चीत तरी कुठे बसतात!" सिदिकात म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. कपाटात बंद राहणाऱ्या माझ्या बहिणींना असं हसू कुठून ऐकायला मिळणार?

मग विमानतळाचं प्रकरण आलं. रिस्कातचा नवरा दुबईला, असं ती सांगत असते. एकदा तो ईदला येणार अशी ती गल्लीभर दवंडी पिटते, भाड्याच्या गाडीने भाचीला घेऊन विमानतळावर जाते, तिथे दिवसभर बसते आणि संध्याकाळी एक बॅग घेऊन परतते. त्याची म्हणे रजा रद्द झाली, बॅग तेवढी धाडली. बॅगेतली कापडं तिने आदल्या दिवशी स्वतःच बाजारातून आणलेली असतात. कारण नवरा दुबईला नसतोच मुळी. तो दुसरीबरोबर तीन तासांवर संसार करत असतो.

सिदिकातचा हात वेणीतच थांबला. एका ईदला तीही विमानतळावरून अशीच बॅग घेऊन परतली होती, आणि त्या गाडीत तिच्याबरोबर फक्त मोरेनिके होती.

"बाकीचं नंतर," ती म्हणाली. अर्धी वेणी घातलेल्या बाईला तिने तसंच घरी पाठवलं, दार लावलं आणि मोरेनिकेला फोन लावला.

"मावशी, त्यात तुझं नाव नाहीये गं..."

"नाव नाही, पण मी आहे ना! खाऊ घातलं, शिकवलं, त्याचे हे पांग फेडलेस? साखरपुड्याला आईच्या खुर्चीवर दुसरी कुणीतरी बघ. मी येणार नाही."

पलीकडून रडणं ऐकू येत होतं. सिदिकातने फोन ठेवला. निळं कापड न शिवता ट्रंकेत गेलं. मी कुठे गेले? कोपऱ्यावरच्या अकारावालीकडे. सकाळी ती अकारा, म्हणजे चवळीचे गरमागरम वडे तळते आणि रद्दीत बांधून देते. तिने माझं मुखपृष्ठ फाडून चूल पेटवली. मग रोज माझी थोडी थोडी पानं चिवड्यासारखी वाटली जाऊ लागली. खूप वाईट वाटलं मला. रागावले मी सिदिकातवर, अगदी मनापासून.

पण सलूनमधल्या बायकांना चैन पडेना. रिस्कातचं पुढे काय झालं? कुणीतरी वड्यांच्या पुडीवर तिचं नाव पाहिलं, आणि मग काय! ज्यांना वडे पचत नाहीत त्यासुद्धा सकाळी रांगेत. "मला वडे कमी दे, पण दोन पानांत बांध," असं म्हणून अकारावालीशी हुज्जत चालायची. पानं धुवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ती उन्हात वाळवली. वुराओलाने क्रम लावला. सलूनच्याच दोऱ्याने मला शिवलं आणि सगळ्या मिळून सिदिकातच्या दारात उभ्या राहिल्या.

"पुढे ऐक," वुराओला म्हणाली.

"मला नाही ऐकायचं. गावभर माझी अब्रू वाटलीत वड्यांबरोबर, आता हसायला आलात?"

"कसली अब्रू? तुझा नवरा मला इलोरिनच्या बाजारात दोनदा भेटलाय. कडेवर पोर होतं."

सिदिकातने विचारलं, "कधी?"

"झाली की सहा-सात वर्षं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."

"आणि तरी दर ईदला कापडाचं कौतुक करत होतात?"

"कापड छानच असायचं की! तुझी निवड चांगली आहे."

सिदिकात आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. त्या दुपारी तिने शेवटपर्यंत ऐकलं. रिस्कात मेल्यावर अख्खी गल्ली तिच्या लबाड्या सांगून सांगून रडते, तिथे ती पुटपुटली, "मेल्यावर कशाला, जिवंतपणीच सांगा की."

साखरपुड्याच्या दिवशी मी वुराओलाच्या पर्समध्ये होते. मंडप भरलेला, पण वधूच्या आईची खुर्ची रिकामी. मोरेनिके आत बसून होती, तिला बाहेर यायचा धीर होईना. तेवढ्यात निळं कापड नेसून सिदिकात आली आणि धपकन आईच्या खुर्चीवर बसली. शेजारी वडिलांची खुर्ची. समारंभ चालवायला आणलेली बाई म्हणजे तोंडाचा पट्टा. तिने ध्वनिक्षेपकावरून विचारलं, "आणि बाबा? कुवेतचं विमान उशिरा आलं वाटतं?"

मोकोलाच्या बायकांनी माना खाली घातल्या.

"ते कुवेतला नाहीत," सिदिकात म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "इलोरिनला असतात, दुसऱ्या बायकोकडे. मीच खोटं सांगत होते. वुराओला, ये, बस इथे. आणि आता पोरीला बाहेर आणा, जेवण गार होतंय."

मोरेनिके आली, गुडघे टेकून मावशीच्या पायाशी वाकली आणि उठेचना. सिदिकातने तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. "रडू नकोस, डोळ्यांचं काजळ माझ्या कापडावर पडेल," असं म्हणता म्हणता तिचंच काजळ ओघळलं.

आता मी पुन्हा सलूनच्या फळीवर असते. फाटकी, तेलकट, पण रोज कुणाच्या तरी हातात. माझं एक पान मात्र सापडलं नाही. त्या पानावर रिस्कातचा नवरा एकदाच बोलतो. तो का गेला, परत यायला का लाजतो, ते सांगतो. बायकांना त्या पानाचं काही वाटत नाही. "त्याचं काय ऐकायचंय!" म्हणतात. सिदिकातही त्यांच्यासमोर तेच म्हणते, मग मोरेनिकेकडे दुसरी प्रत मागणार कशी?

वाचकहो, तुमच्या गल्लीत कुठे ते पान आढळलं तर टाकू नका, मोकोलात आणून द्या. कारण सलून उघडायच्या आधी सिदिकात कोपऱ्यावर जाते, दोन वडे घेते आणि कुणी ऐकत नाही ना हे पाहून अकारावालीला विचारते, "त्या पानाचं काही कळलं का गं?"