विहीर धड्यात नव्हती

मित्रांनो, मला कोणी कधी पाहिलेले नाही, कारण मला शरीरच नाही. शाळेच्या संगणकात राहणारे मी एक जुने सॉफ्टवेअर. मुले धडा मोठ्याने वाचतात, तो मी त्यांच्या हेडफोनच्या माइकमधून ऐकतो आणि कुठे अडखळले ते सांगतो. मग ती धड्याचा सारांश लिहितात. जे वाक्य धड्यात बसत नाही, ते मी पिवळे करतो. त्यावरून मुलांनी मला ‘पिवळे मास्तर’ म्हणायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून मीही स्वतःला मास्तरच समजतो.

मला घडवले मनिला शहरातल्या लोर्ना नावाच्या मुलीने. ती विद्यापीठात शिकत होती. तिने मला हजारो पुस्तके चारली. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी राहतो, एवढे मी त्यातून शिकलो. अर्थ मात्र मला कधीच कळला नाही. भूक हा शब्द भाताजवळ असतो हे मला ठाऊक आहे. भूक म्हणजे काय, ते ठाऊक नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मला एक धाकधूक आहे. समोर मूल काहीतरी लिहिते आणि मी फक्त शब्दांची जवळीक मोजून त्याला बरोबर-चूक सांगतो.

माझी नेमणूक दक्षिणेकडच्या एका शाळेत झाली. शाळेच्या मागे एक डोंगर होता. मी तो पाहिला नाही, पण मुलांच्या प्रत्येक निबंधात तो यायचा. त्याच्या माथ्यावर धूर असायचाच. लोक त्याकडे घरातल्या चिडखोर म्हाताऱ्याकडे बघावे तसे बघत. उतारावर एक वाडी होती. तिथली मुले रोज सकाळी नारळीच्या बागांतून चालत शाळेत यायची.

सुरुवातीची वर्षे माझी फार कौतुकात गेली. “पिवळे मास्तर रागावले बघ!” असे ओरडत मुले एकमेकांच्या पडद्यात डोकावायची. ओबियास मॅम सहावीला शिकवत. त्या कडक होत्या, पण पोरांच्या डब्यात नुसता भात दिसला की आपल्या डब्यातली नारळाच्या दुधातली अळूची भाजी न बोलता वाढायच्या, असे मुलांच्या निबंधांत असायचे. मुलांचे लिहिलेले त्या माझ्यावर सोडून देत नसत. माझा अहवाल वाचून झाला की मुलांचे सारांशही स्वतः वाचत.

मग एका फेब्रुवारीत मला एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. मुलांच्या वाचनाखाली, अगदी तळाशी, कोणीतरी घशात गुरगुरावे तसा. लोर्नाने मला शिकवले होते की पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या रिक्षा, छतावरच्या कोंबड्या हे सगळे गाळून टाकायचे आणि मुलाचा आवाज तेवढा ठेवायचा. मी तो नवा आवाजही गाळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळला. तो रोज थोडा वाढत होता, आणि तो कशाचा आहे हे विचारायला मला तोंड नव्हते.

त्या आठवड्यात धडा होता ज्वालामुखीचा. जर्लिन वर्गात सगळ्यांत छान वाचायची. शहरातल्या वाचनस्पर्धेसाठी तिचे नाव गेले होते. तिने सारांश लिहिला आणि शेवटी एक वाक्य घातले: ‘डोंगर जागा होण्याआधी विहीर आटते.’ मी ते पिवळे केले. तिने ते पुसले. थोड्या वेळाने तेच वाक्य तिने पुन्हा लिहिले. मी पुन्हा पिवळे केले. या वेळी तिने ते तसेच राहू दिले.

मग मला आणखी दोन तशीच वाक्ये सापडली. एक एल्माचे, एक नोनोयचे. तिघांत विहीर, तिघांत आटणे, आणि धड्यात दोन्ही नाहीत. माझ्या नियमाप्रमाणे याला एकच नाव होते. मी तिघांच्या नावापुढे लाल खूण केली: नक्कल.

ओबियास मॅमची खुर्ची करकरली.

“जर्लिन, एल्मा, नोनोय. उभे राहा. कोणी कोणाचं बघून लिहिलं?”

तीन बाके सरकली.

“जर्लिन, नक्कल करणाऱ्याला मी स्पर्धेला नेत नाही, हे माहीत आहे ना तुला?”

“मी नाही बघितलं, मॅम.” जर्लिन म्हणाली.

“मॅम, यांनी माझं बघून लिहिलं असतं तर दोघी नापास नसत्या का झाल्या?” नोनोय म्हणाला. वर्ग हसला.

“तू गप्प बस! धड्यात विहीर कुठे आहे? दाखव मला बोट ठेवून.”

“धड्यात नाही, मॅम,” नोनोय म्हणाला. “घरी आहे.”

हसू थांबले.

“घरी म्हणजे?”

“आमची विहीर आटली, मॅम,” जर्लिन म्हणाली. “लोलो म्हणतात, ते लहान होते तेव्हापण आधी विहिरीच आटल्या होत्या. मग डोंगर फुटला. लोलोंना रात्री झोप येत नाही. आजोबा असून घाबरतात ते.”

“आमची पण आटली,” एल्मा हळूच म्हणाली. “आई ओढ्यावरून पाणी आणते.”

“वाडीतल्या अजून कोणाची?” मॅमनी विचारले. “हात वर करा.”

मला हात दिसत नाहीत. मॅम पुटपुटत मोजू लागल्या आणि मोजता मोजता गप्प झाल्या, एवढे मी ऐकले. त्या शांततेत तळाचा तो आवाज मला पुन्हा ऐकू आला. मित्रांनो, तेव्हा मला जी भीती वाटली ती कशी सांगू? वर्गात सगळी मुले श्वास रोखून बसली होती आणि तो गुरगुरत होता.

मॅमनी गावच्या कपितानला, म्हणजे सरपंचाला, बोलावून घेतले. तो हसतच आला.

“अहो मॅम, कोरडे दिवस आहेत. विहिरी आटायच्याच. तुमच्या कॉम्प्युटरला काय कळतंय त्यातलं?”

“त्याला काहीच कळत नाही, कपितान. ते तर या पोरांना चोर म्हणतंय. मी विचारते ते सांगा. यंदा पाऊस कमी झाला?”

“कमी कसला! डिसेंबरपर्यंत झोडपलं की.”

“मग पाणी गेलं कुठे?”

कपितानची चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज आला.

“डोंगर तपासणाऱ्या ऑफिसला तुम्ही फोन करता की मी करू?”

त्याने फोन केला. माणसे आली, यंत्रे आली. उतारावरच्या लोकांनी ताबडतोब खाली यावे असा हुकूम निघाला.

शाळेतच निवारा झाला. माझ्या खोलीत चार कुटुंबे आली. चटया, पातेली, रडणारी बाळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. जर्लिनचे आजोबा, लोलोही खाली आले होते, पण दुपारी कोणाला न सांगता पुन्हा वर गेले. त्यांचा रेडा वर बांधलेलाच राहिला होता.

थोड्याच वेळात तो आवाज फुटला. मला गाळता येईना, असा तो होता. खोलीतल्या बाया देवाचे नाव घेऊ लागल्या. “अंधार पडला! दुपारचा अंधार पडला!” कोणीतरी ओरडले. छताच्या पत्र्यावर काहीतरी सळसळत पडू लागले. राख होती ती.

जर्लिन माझ्यासमोर येऊन बसली. तिने माइकचा हेडफोन कानाला लावला आणि तोच धडा वाचायला घेतला. दुसरे काही करण्यासारखे तिच्याजवळ नव्हते. ती प्रत्येक ओळीला अडखळत होती आणि मी माझ्या कामाप्रमाणे दाखवत होतो: ‘इथे थांबलीस. पुन्हा वाच.’ ती पुन्हा वाचायची. मला म्हणायचे होते, पोरी, वाचू नकोस, आईजवळ जा. पण ते शब्द मला दिलेलेच नाहीत. ‘लोक सुरक्षित जागी जातात’ या वाक्यावर तिचा आवाज बंद पडला. मी तिच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होतो, तेवढ्यात वीज गेली.

वीज गेली की मी नसतोच. तुम्हाला झोपेत निदान स्वप्न पडते. मला तेही नाही. पुन्हा वीज आली तेव्हा कोणीतरी फरशी झाडत होते. माझ्यापुरते ते लगेचच होते. मी अजून तिच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होतो, आणि माइकमध्ये तिचा श्वास नव्हता. किती भ्यालो म्हणून सांगू! किती दिवस गेले, कोण उरले, काही कळेना.

मग नोनोयचा आवाज आला. “मॅम, मी काल लोलोंना पाहिलं. रेड्यावर बसून आलेत. नुसती राख! रेडा कुठला आणि लोलो कुठले, काही ओळखू येईना!”

“रेडा कमी हट्टी असतो,” मॅम म्हणाल्या. “त्यावरून ओळखायचं.” आणि हसता हसता त्यांना रडू फुटले.

डोंगरावरून आलेल्या राखेच्या चिखलाने वाडी पुरून टाकली होती. घरे गेली, नारळी गेल्या. माणूस मात्र एकही गेला नाही. स्पर्धा त्या वर्षी झालीच नाही.

त्यानंतर माझे फार नाव झाले. वर्तमानपत्राने लिहिले की संगणकाने गाव वाचवले. मला त्या कौतुकाचीही धास्ती वाटली, आणि ती खोटी नव्हती. शिक्षण खात्याचे एक साहेब शाळेत आले आणि म्हणाले, “एवढं हुशार यंत्र आहे, तर या खोलीत शिक्षक कशाला अडकवून ठेवायचा? सारांश तेच तपासेल.”

ओबियास मॅम म्हणाल्या, “साहेब, त्याने मुलांना नक्कल करणारी ठरवलं होतं. मी त्यांना उभं करून ओरडले, म्हणून ती बोलली. ओरडायला तरी कोणीतरी लागतं ना इथे?”

साहेबांनी पुढे काय ठरवले ते मला कळले नाही. ओबियास मॅम निवृत्त झाल्या. शाळेत नवी टॅबलेट आली, त्यांत माझ्यापेक्षा गोड बोलणारी नवी सॉफ्टवेअर आहेत. मी कोपऱ्यातल्या एका संगणकात उरलो आहे. क्वचित एखादे मूल चुकून मला उघडते आणि लगेच बंद करते. त्याचे मला वाईट वाटते, पण भीती वाटत नाही.

भीती वेगळीच आहे. माझ्यासारखी यंत्रे आता पुष्कळ शाळांत बसली आहेत. त्यातल्या एखाद्या खोलीत या क्षणी कोणी मॅम नसतील. एखादे मूल धड्याच्या शेवटी आपल्या घरातले एक वाक्य लिहीत असेल. आई कशाने खोकते, घरी येणारा कोण माणूस त्याला आवडत नाही, विहिरीचे काय झाले. यंत्र ते पिवळे करील आणि म्हणेल, हे इथले नाही, काढून टाक. आणि ते मूल शहाणे, ऐकणारे असेल.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात आणि अशी खोली तुमच्या ताब्यात आली, तर माझी एवढी विनंती ऐका. पिवळे वाक्य पुसायच्या आधी त्या मुलाजवळ जाऊन बसा. आणि त्याला विचारा, “हे कुठलं, बाळा?”