ऐनाची खरूज

दिव्यानीनं एक शब्द आळसापोटी वापरला, आणि त्याची भरपाई आता लवकर व्हायची नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती गडचिरोलीकडच्या एका जंगलगावात संशोधनासाठी दगडफूल गोळा करायला गेली होती. मसाल्यातलं दगडफूल आपण जाणतोच. त्याच्याच भाऊबंदांतलं एक, करड्या-हिरव्या पापुद्र्यांचं, गावच्या देवाच्या ऐनाच्या झाडावर तिला सापडलं. गडचांदूरची पोर ती. तिच्या गल्लीतल्या झाडांवर सिमेंटच्या धुळीखेरीज काही चढत नसे. हरखून तिनं चिमूटभर पापुद्रे सुरीनं खरवडले.

झाडाची राखण करणाऱ्या कोलूभाऊनं विचारलं, "हे काय होय, बाई?"

बस चुकेल म्हणून ती घाईत होती. शिवाय जनुकं, पेशी वगैरे या म्हाताऱ्याला काय कळणार, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं. "झाडाची खरूज समजा," म्हणाली नि हसली.

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत त्या पापुद्र्यांच्या अर्कानं कमाल केली. जनुकांची मोडतोड करणारं रसायन तिनं कांद्याच्या मुळांना दिलं. ज्या मुळांना आधी अर्क पाजला होता, त्यांच्या पेशींत मोडतोड निम्म्याहून कमी. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "एकदा आलेलं खरं धरत नाहीत. पुन्हा करून दाखव." अर्क तर संपला होता.

म्हणून ती परत आली. ऐनाचा बुंधा घासलेल्या भांड्यासारखा लख्ख होता.

"राखेनं घासलं, बाई," कोलूभाऊ कौतुकानं म्हणाला. "तुमी खरूज सांगतली नं! देवाचं झाड बिमार कसं ठेवाव? आजूबाजूचे झाडंबी घासले. निघालं थे जाळून टाकलं, पसरू नाई म्हनून."

तिनं रागवायचं तरी कुणावर? मुकाट्यानं निघून जावं, असंही वाटलं. पण याला कळणार नाही, हे तिनं मागंही ठरवलं होतंच, नि त्यातूनच हे झालं होतं. ती बुंध्याशी बसली आणि कांद्याच्या मुळांपासून सगळं सांगितलं. कोलूभाऊला सगळं कळलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"म्हंजे थे दुखणं नोहे, दवाई होती?"

"होऊ शकली असती, भाऊ."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं? राखलं असतं नं आमी."

बोटांनी बुंधा चाचपत त्यानं विचारलं, "परत कवा येईन?"

"तेवढं वाढायला तीस-चाळीस वर्षं."

"मी तं नाई राहात तवापर्यंत," तो म्हणाला. "नातीले सांगून ठेवतो, खरूज नोहे म्हनून."