माझ्या डिसेंबरची पाठ

मी एक जुनी दिनदर्शिका आहे मित्रांनो, १९९८ सालची. एका खतवाल्यानं मला भेट द्यायला छापून घेतलं. चेहरा रंगीत, पाठ मात्र कोरी. कंजूष मेला! पुणतांब्यात काकासाहेबांच्या रोपवाटिकेत वर्षभर मला विचारल्याशिवाय कुणाचं काम होत नसे. साल संपलं आणि मी थेट फळीवर, वह्यांना कव्हरं घालायला. लई वाईट वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात नवा रस्ता गावाबाहेरून गेला. पेरूची कलमं घ्यायला थांबणाऱ्या गाड्याही तिकडूनच जाऊ लागल्या. यंदा कलमं खपली नाहीत तर रोपवाटिका बंद करायची, असं घरात ठरलं. तेव्हा नगरला संगणक शिकणारी काकासाहेबांची लेक माधुरी त्यांना म्हणाली, "दादा, आमचे सर आपली वेबसाईट करून देतील. तिच्यावर काय पाहिजे ते शनिवारी लिहून न्यायचंय." कागद हवा होता, मी होतेच.

काकासाहेब सांगू लागले, माधुरी माझ्या पाठीवर लिहू लागली. आता या गृहस्थांनी जन्मात मजकूर सांगितला होता तो फक्त लग्नपत्रिकेचा! जानेवारीच्या पाठीवर कुलदैवत आलं. मग पणजोबा, आजोबा, मानाप्रमाणे सगळी भावकी, जावई, शुभेच्छुक. धाकट्या भावाचं नाव खाली गेलं म्हणून तो जेवला नाही. नोव्हेंबरची पाठही भरली, तरी कलमांचा पत्ता नाही.

शुक्रवारी माधुरीनं ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणजे बनुबाई; कलमं बांधायची ती तिनंच. हातातली सुतळी न सोडता ती म्हणाली, "समदं ग्वाड हाय. पन गिऱ्हाईक इचारतं, कलम जगंल का? मेलं तर दुसरं द्याल का? ते कुठं लिवलंय?"

काकासाहेब हळूच म्हणाले, "व्हय की गं. तूच सांग."

तिनं सांगितलं ते माझ्या एकट्या डिसेंबरात मावलं. कलम कधी लावायचं, पाणी किती, मेलं तर बदलून मिळेल, स्टेशनवरून कसं यायचं. फोन समोरच्या कानिफनाथाच्या दुकानातला.

"फोनवर कुणाला बोलवा म्हणून लिहू?" माधुरीनं विचारलं.

"बनुबाईला," काकासाहेब म्हणाले.

जन्मभर 'काकासाहेबांची मंडळी' म्हणवून घेतलेली ती बाई पदरात तोंड लपवून हसली. मला बाई रडूच आलं.

सरांनी वेबसाईटवर तेवढंच पान घेतलं. ते पान परत आल्यावर कानिफनाथानं फोनशेजारी चिकटवलं. मित्रांनो, जुना कागद फेकण्याआधी उलटून बघत जा. आणि काय लिहावं सुचलं नाही, तर ज्याचे हात मातीत आहेत त्याला आधी विचारा.

महिन्याभरानं फोन वाजला. वेबसाईट बघितलेल्या पुण्याच्या कुणा साहेबांना शेतात पेरूची बाग लावायची होती. कानिफनाथ रस्त्यात येऊन ओरडला, "बनुबाई, तुमालाच इचारत्यात!"

ती धावत आली. मातीचे हात लुगड्याला पुसले, फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "व्हय, मीच बनुबाई."