गिळायची नाही

वाइनची भरलेली बाटली माणसाच्या डोक्यावर फुटत नाही. सिनेमात फुटते, काचांचा पाऊस पडतो आणि हिरो पुढच्या गुंडाकडे वळतो. खऱ्या दुकानात, सकाळी साडेअकरा वाजता, फुटतं ते डोकं. थोरलीला हे त्या दिवशी कळलं. कळलं तेव्हा तिला अजिबात वाईट वाटलं नाही, हेही आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे तिच्याकडून कुणी भलत्या अपेक्षा ठेवायला नकोत.

झालं असं, की धाकटीचं लग्न ठरलं. रिसेप्शनला दीडशे माणूस, हॉलच्या कोपऱ्यात बार, आणि बारवर कुठली वाइन ठेवायची ते मुलीच्या बापानं निवडायचं, असं व्याह्यांनी फर्मान सोडलं. आता हा मुलीचा बाप म्हणजे तीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या बारमागे उभा राहिलेला माणूस. जीभ अशी, की डोळे मिटून एक घोट घेतला तरी बाटली उन्हात राहिली होती का, बूच सडकं होतं का, सगळं सांगणार. पण त्याच जिभेपायी त्यानं घराची राखरांगोळी केली होती. पिऊन आला की कमरेचा पट्टा काढायचा. थोरलीचा डावा हात मनगटापाशी अजून वाकडा आहे. मोडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. धाकटीच्या वाटचे बहुतेक फटके तिनंच मध्ये पडून खाल्ले, आणि शाळेत, शेजारी, डॉक्टरकडे कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, 'जिन्यावरून पडले.' घरात जिना नव्हताच, पण खोलात कोण जातंय?

आई गेली आणि वर्षभरात बाबांनी दारू सोडली. एकदम. त्याला आता चार वर्षं झाली होती. थोरली त्यांच्याबरोबर राहायची, म्हणजे खरं तर डोळ्यांत तेल घालून पहाराच द्यायची. धाकटी मात्र अठराव्या वर्षी घराबाहेर पडली ती पुन्हा फिरकली नाही. लग्न ठरल्यावर तिचा फोन आला तो थोरलीला.

"बाबांना आण," ती म्हणाली. "पण ताई, त्यांच्या पोटात एक थेंब जरी गेला, लग्नात किंवा लग्नाच्या आधी, तर ते मला मेले. धमकी नाही देत, खरंच सांगतेय. पुन्हा तोंड बघणार नाही."

त्या रात्री बाबा जेवले नाहीत, नुसते रडले. आणि थोरलीनं मनाशी पक्कं केलं, काय वाट्टेल ते होवो, या माणसाला त्या हॉलमध्ये पहिल्या ओळीत नेऊन बसवायचंच. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

मग अशा माणसाला वाइन निवडायला नेलं कशाला, म्हणाल. तोच तर शहाणपणा! बाबाच म्हणाले, "पोरीला द्यायला माझ्याकडे दुसरं आहे काय? एवढं एकच मला येतं." आणि चाखणारे लोक काही गिळत नाहीत. तोंडात घ्यायची, फिरवायची, पिकदाणीत थुंकायची. धंद्याची रीतच आहे तशी. पोटात थेंब जात नाही, अट मोडत नाही. बापलेकींनी हे असं ठरवलं, की जणू फार मोठी अक्कल लढवली.

दुकानाच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं. वाइनचा रंग नीट दिसावा म्हणून त्यावर पांढरा कागद अंथरलेला, त्यावर ग्लासांची रांग, आणि टोकाला स्टीलची पिकदाणी. दुकानाची मालकीण, जिला सगळे वाइनवाली म्हणत, ती गळ्यात चष्मा अडकवून बुचं काढत होती. बोलणं मोजकं, हात सफाईदार. आणि खुर्चीत मावत नसलेले व्याही. त्यांचा ट्रकांचा धंदा. मान म्हणून नाहीच, खांद्यांवर थेट डोकं. बोलताना समोरच्याच्या पाठीत थाप मारायची खोड. थाप कसली, धपाटाच तो. बाबा आल्या आल्या दोन धपाटे खाऊन कसेबसे खुर्चीत बसले.

पांढऱ्यापासून सुरुवात झाली. बाबांनी पहिला घोट तोंडात घेतला, गाल हलले, आणि थोरलीचा जीव त्यांच्या कंठमण्याशी जाऊन बसला. कंठ हलला नाही. बाबांनी वाकून पिकदाणीत पिचकारी सोडली.

"ही नको," ते म्हणाले. "पेटी उन्हात राहिली होती. एखादा दिवस तरी."

वाइनवालीनं त्यांच्याकडे पाहिलं, वही उघडून पाहिली आणि गुपचूप ती बाटली बाजूला ठेवली. "गाडी रस्त्यात बंद पडली होती," ती म्हणाली. त्यानंतर ती बाबांना 'साहेब' म्हणू लागली. थोरलीला असं भरून आलं म्हणता! चार वर्षांत त्या माणसाकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

दुसरी पांढरी बाबांनी पसंत केली. "हॉलमध्ये गर्दी असणार, घाम असणार, लोक पाण्यासारखी पितील. अशी आंबटसरच हवी. दोन तास बर्फात बुडवून ठेवायची." आणि पुन्हा थुंकले.

"अहो, थुंकताय काय?" व्याही खो खो हसले. "तंबाखू आहे का ही?" स्वतः ते प्रत्येक ग्लास तळापर्यंत रिकामा करत होते. बाबांचा उरलेलाही ओढून घेत होते. लाल सुरू होईपर्यंत त्यांचे कान शेंदरी झाले होते.

लाल तीन होत्या. तिसरी व्याह्यांची लाडकी, घरी रोज हीच, असं त्यांनी चारदा सांगितलं. बाबांनी तिन्ही चाखल्या आणि म्हणाले, "दुसरी घ्या. ही तिसरी चांगलीय, पण जड आहे. उभ्यानं पिणाऱ्याला जड लाल देऊ नये. पहिल्या ग्लासाला डोकं जड होतं, दुसऱ्याला जीभ सुटते आणि तिसऱ्याला हात."

"तुम्हाला बरं माहीत," व्याही म्हणाले.

वाइनवालीनं प्रसंग ओळखला. "फेसाळती गार करायला ठेवलीय, ती घेऊन येते," असं म्हणून ती तळघरात उतरली. भली बाई, पण नेमकी नको तेव्हा गेली.

"ऐकलंय आम्ही," व्याही पुढे झुकले. "एके काळी टाकीच्या टाकी रिचवायचात. पोरीबाळींना झोडपायचात. आणि आज सोवळं नेसून आमच्या वाइनला नावं ठेवताय?"

"नावं नाही हो ठेवत."

"मग गिळा! न गिळता चव कळते होय? माझ्या मुलाच्या लग्नातली वाइन, तिचा एक घोट नरड्याखाली उतरत नाही?"

"मला चालत नाही," बाबा अगदी हळू म्हणाले. "पोरीला शब्द दिलाय."

"काका, पुरे," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

पण व्याह्यांना चेव चढला होता. ते उठले, एका हातानं बाबांचं मानगूट धरलं आणि दुसऱ्या हातानं तिसऱ्या नंबरचा भरलेला ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. काच दातांवर कडकडली. ग्लासाचा काठ तुटला, ओठ फाटला. वाइन तोंडात ओतली गेली, हनुवटीवरून छातीवर आली. मग व्याह्यांनी ग्लास फेकला आणि तो रुंद पंजा बाबांच्या तोंडावर दाबून धरला.

"गिळा म्हणतो ना! गिळल्याशिवाय सोडत नाही आज!"

बाबांचे गाल फुगले होते. डोळे बाहेर आले होते. त्यांचे हात मोकळे होते, हे थोरलीला दिसलं. ज्या हातांनी घरादाराला रडवलं, ते दोन्ही हात खुर्चीच्या कडेला घट्ट धरून बसले होते. बोटं पांढरी पडली होती, पण उठत नव्हती. श्वास कोंडला तरी हात उठत नव्हते आणि घोट उतरत नव्हता. आणि त्यांनी थोरलीकडे पाहिलं. लहानपणी ती त्यांच्याकडे जशी बघायची, अगदी तसं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर एक न उघडलेली बाटली उभी होती. तिनं ती मानेला धरून उचलली आणि सगळ्या अंगानिशी व्याह्यांच्या कानशिलावर हाणली.

आवाज ओला आला. व्याही टेबलावर आडवे झाले, कागदासकट, ग्लासांसकट, पिकदाणीसकट खाली गेले. भुवईपासून कानापर्यंत कातडी उकलली होती आणि रक्त डोळ्यात उतरत होतं. थोरलीनं बाटली पुन्हा उचलली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. वीस वर्षांचं काहीतरी खांद्यातून मोकळं होत होतं. दुसरा घाव डोक्याच्या मधोमध घालायचा, हेही तिनं ठरवलं होतं.

बाबांनी तिचं मनगट धरलं. तोंडातलं सगळं, वाइन आणि रक्त, त्यांनी जमिनीवर थुंकलं आणि म्हणाले, "बस. बस गं बाळा. नाही गिळली मी. नाही गिळली."

त्यांनीच तिच्या हातातून बाटली काढून घेतली. त्यांनीच खाली बसून व्याह्यांच्या जखमेवर रुमाल दाबला. वाइनवाली धावत वर आली, हातातली बाटली टाकून डॉक्टरला फोन करायला दुकानाच्या पुढच्या भागात पळाली. आणि त्याच दरवाजातून, ठरल्याप्रमाणे शेवटची पसंती द्यायला, धाकटी आत आली.

तिला काय दिसलं? सासरा जमिनीवर रक्तबंबाळ. त्याच्याशेजारी बाप, शर्ट लालभडक, ओठ फुटलेला, बाजूला बाटली. तिला कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही.

"सात वर्षांनी बघतेय तुम्हाला," ती म्हणाली. "आणि काय बघतेय!"

"मी मारलं," थोरली म्हणाली. "यांनी काही केलं नाही. काकांनी जबरदस्तीनं..."

"ह्यानं मारलं," व्याही खालून कण्हले. एका पोरीनं आपल्याला लोळवलं, हे त्यांच्या तोंडातून मेलं तरी निघणार नव्हतं. "तुझ्या बापानं. पिऊन."

धाकटीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी एकदा थोरलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले. "माझाच हात सुटला."

"खोटं बोलतायत!" थोरली किंचाळली. "अगं, ते मला वाचवतायत. मी मारलं, मी! एक थेंब गिळला नाही त्यांनी!"

"जिन्यावरून पडले, हो ना ताई?" धाकटी म्हणाली. "आयुष्यभर हेच केलंस. यांना पाठीशी घालत आलीस. आता नको."

ती बाबांजवळ गेली, वाकली आणि त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. लहानपणी दोघी हेच करायच्या. बाबा दारात आले की आधी वास घ्यायचा, मग लपायचं. थुंकली तरी वास राहतो! एवढी अक्कल लढवली दोघांनी, पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पाच वाइनी फिरवलेलं तोंड ते. भपकारा मारणार नाही तर काय?

धाकटी सरळ झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आईच्या जागी तुम्ही मरायला हवं होतं," ती म्हणाली. "देवाशपथ, तुम्ही मरायला हवं होतं."

बाबांनी ते ऐकलं आणि कबूल असल्यासारखी मान हलवली. ती मान हललेली थोरलीला बघवली नाही. तिचा हात कधी उठला तिला कळलंच नाही. धाकटीच्या कानाखाली असा आवाज निघाला, की बाहेर दुकानात वाइनवालीचं फोनवरचं बोलणं थांबलं.

धाकटी भिंतीवर आदळली. गालावर बोटं उमटली. ती थोरलीकडे बघत राहिली, बघत राहिली. आयुष्यात ताईनं तिला बोट लावलं नव्हतं.

"तूच मारलंस," अखेर ती म्हणाली. "खरंच तूच मारलंस."

व्याह्यांनी नजर फिरवली. धाकटी बाबांसमोर गुडघ्यांवर बसली. "नाही गिळलीत?" तिनं विचारलं. बाबांनी मान हलवली, नाही. तिनं बाहीनं त्यांच्या ओठावरचं रक्त टिपलं. "तुम्ही या लग्नाला," ती म्हणाली. "पहिल्या ओळीत बसा."

मग ती उठली. थोरलीकडे तिनं पाठ केली होती.

"तू येऊ नकोस, ताई. तुझ्यामुळे मी जिवंत आहे, मला माहितीय. पण यांचा हात आत्ता कुठे थांबलाय. तुझा सुरू झालेला मला नाही बघवणार."

"मग मीही येत नाही," बाबा म्हणाले. "तिच्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही."

"यायचं," थोरली म्हणाली. "मुकाट्यानं यायचं, बाबा. दाढी करायची, तो राखाडी कोट घालायचा आणि जायचं. आणि कुणी हातात ग्लास दिला, तर मी नसेन तिथं तुमच्या गळ्याकडे बघत बसायला. तुमचं तुम्हीच बघा."

बाबा लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. धाकटीनं मागे न बघता त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवलं. थोरली खाली बसून काचा गोळा करू लागली.