मागच्या चाकाचा आवाज

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि आत डोकावून ते पुन्हा लावून टाकलं.

"इंजिन कुठाय गं? घरी विसरून आलीस की काय?"

बाकावर बसलेला टॅक्सीवाला फिसकन हसला. लेक हसली नाही. पाच तास गाडी चालवून ती आली होती, तीही बॅटरी पुरावी म्हणून एसी बंद ठेवून. ओढणीने मान पुसत ती म्हणाली, "बाबा, मागून आवाज येतोय. चाकाकडून. सर्व्हिस सेंटरवाले तीन आठवड्यांनंतरची तारीख देतायत."

"एवढी शहाणी माणसं आहेत ना तिकडे? मग आम्हा अडाण्यांकडे कशाला?"

तिच्या शहरात आता अशा विजेवरच्या गाड्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं. इथे या गावात एकही नव्हती. एक चार्जर तेवढा बसवला होता, फीत कापून, फोटो काढून. दुसऱ्या महिन्यात तो बंद पडला आणि त्याच्या आडोशाला लोक लघवी करू लागले. वर शहरवाले विचारतात, तुम्ही इतके मागासलेले कसे? चाळीस किलोमीटरच्या घाटात अडकल्यावर हात द्यायला कुणी नसेल, तर माणूस शंका घेणारच. पण हेही तितकंच खरं, की या गाड्यांना सगळ्यांत जास्त शिव्या मिस्त्रीच घालत. बॅटरी फुटते, पावसात शॉक बसतो, आणि गाडी म्हणायची तर तिला आवाज नको का? त्यांचं ऐकून टॅक्सी स्टँडवरच्या दोघांनी अशा गाडीचं केलेलं बुकिंग रद्द केलं होतं.

"चला, चक्कर मारू," मिस्त्री पुढे लेकीशेजारी बसले. टॅक्सीवाल्याला म्हणाले, "तूही ये. फुकटात शॉक बसला तर बसला."

टॅक्सीवाला मागे बसला. त्याची स्वतःची गाडी गिअरबॉक्सच्या कामासाठी गॅरेजबाहेर उभी होती. वीस वर्षं तो दुसरीकडे गेला नव्हता. स्टँडवर तो सांगे, मिस्त्री गाडी उघडत नाहीत, नुसतं ऐकतात. सगळा स्टँड त्या एका वाक्यावर इथे येत होता.

गाडी रस्त्याला लागली. वेग वाढला तशी मागून बारीक, टोकदार शीळ सुरू झाली.

"हा बघा," लेक म्हणाली.

मिस्त्रींनी डोळे मिटले. एरवी फरशीतून, सीटमधून इंजिन त्यांच्या अंगात चढायचं. इथे अंगात काहीच चढत नव्हतं.

"कुठे काय? मनाचे खेळ आहेत तुझ्या."

"बाबा, आत्ता येतोय!"

"येतोय मिस्त्री," टॅक्सीवाला मागून म्हणाला. "दात शिवशिवतायत माझे."

मिस्त्रींनी डोळे उघडले. मग काच खाली करून त्यांनी कान बाहेर काढला.

"हां. आला, आला. बेअरिंग आहे. कुठल्या बाजूचं ते बघू. डावीकडच्या वळणाला घे."

वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो. डावीकडे वळताना आवाज वाढला, तर उजवं चाक खराब; थांबला, तर डावं. लेकीने स्टिअरिंग फिरवलं. शीळ एकदम थांबली. गाडीत कागद फाडला असता तरी ऐकू आलं असतं.

"वाढला बघ," मिस्त्री म्हणाले.

लेकीने आरशात पाहिलं. टॅक्सीवाला तिच्याकडेच पाहत होता.

"हो बाबा. वाढला."

"चांगलाच वाढला," टॅक्सीवाला म्हणाला.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी उजवीकडे जॅक लावला. चाक वर उचललं, एक हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला, दुसऱ्याने चाक फिरवलं. चाक लोण्यासारखं फिरत राहिलं. त्यांनी ते थांबवलं, पुन्हा फिरवलं. मग मान वर केली. लेक नखाचा रंग खरवडत होती. टॅक्सीवाला भिंतीवरचे टायर मोजत असल्यासारखा उभा होता.

मिस्त्रींनी जॅक उतरवला. गुडघ्यावर हात टेकून उठले, गाडीला वळसा घालून डावीकडे गेले आणि तिथे जॅक लावला.

"बाबा, मी—"

"चाक आहे ते," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "उद्या घाटात निखळलं असतं. माझी लाज राखायला जीव देणार होतीस? इकडे ये."

तिचा हात धरून त्यांनी स्प्रिंगवर ठेवला आणि डावं चाक फिरवलं.

"लागतंय?"

"वाळूसारखं."

"हां."

"कधीपासून, बाबा?"

ते चाक फिरवत राहिले. "तीन-चार वर्षं झाली. बारीक आवाज गेले आधी. जुन्या गाड्या हाताला सांगतात सगळं. तुझी ही चालताना काही सांगत नाही, मेली."

बाहेर टॅक्सीवाला आपल्या गाडीपाशी गेला होता. किल्ली त्याच्या हातात होती. मिस्त्रींनी पान्यांचा डबा ओढला, पण त्यातून काही काढलं नाही. टॅक्सीवाला दाराशी परत आला आणि थांबला. वीस वर्षांत या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता.

"मिस्त्री!" तो एकेक शब्द सुटा करून ओरडला. "माझी! गाडी! आत! लावू का?"

समोरच्या दुकानातली दोन माणसं वळून बघू लागली.

"लाव," मिस्त्री म्हणाले. "आणि ओरडू नकोस."