पानं मिटली की रात्र

बाईंनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता कंबर मोडून मागच्या खोलीत पडल्या होत्या; कानही जवळजवळ गेलेले. ती खोली सुनेला ब्युटी पार्लरसाठी हवी होती. मुलगा कामानिमित्त परगावी, म्हणजे कटकटीतून सुटलेला. आड येत होती ती लेक. तिनं वहिनीला बजावलं होतं, "आईचं डोकं ताळ्यावर आहे तोवर तिला आश्रमात पाठवायचं नाही."

आणि ताळ्यावर नसलं तर? सून कामाला लागली. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलं ते गेलंच. खिडकीला जाड पडदा लागला. भर दुपारी ट्यूब बंद करायची, झिरोचा दिवा लावायचा आणि कानाशी ओरडायचं, "झोपा आता आई, रात्र झाली."

"रात्र कसली?" बाई उशाजवळच्या कुंडीकडे बोट दाखवायच्या. "पानं बघ, पसरलीत. रात्री हात जोडल्यासारखी मिटतात. झाड थापा मारत नाही."

सुनेनं कानाशी वाकून चढा आवाज साखरेत घोळला. "अय्या, झाडाला कसं हो कळतं?"

कित्येक वर्षांत बाईंना कुणी प्रश्न विचारला नव्हता. म्हातारी खुलली. देठाच्या सांध्यात पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकतं, तसं पान उठतं नि पसरतं, हे तिनं हातवारे करून सांगितलं. झाडाच्या आतच घड्याळ असतं. अंधारात ठेवलं तरी एक-दोन दिवस ते आपलीच वेळ पाळतं.

"आणि रोजच उलटा उजेड दिला तर?"

"मग हळूहळू तेच दिवस-रात्र धरतं. हुशार आहेस गं!"

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना कुणी इतकं खूश झालं नसेल.

त्या दिवसापासून मागच्या खोलीतली ट्यूब रात्रभर जळू लागली आणि दिवसभर बंद राहू लागली. जेवणाच्या वेळाही उलट्या. झाड थोडे दिवस अडलं, मग वळलं. दुपारी पानं मिटलेली बघून बाईंनी सुनेचा हात धरला. "मीच चुकले गं. उगाच तुझ्यावर संशय घेतला."

सुनेनं त्यांचं पांघरूण नीट केलं. केसानं गळा कापणारी बाई ती, चेहऱ्यावर रेघही हलली नाही.

रविवारी भर दुपारी लेक आली.

"अगं, एवढ्या रात्री एकटी कशी आलीस?" बाई म्हणाल्या.

लेकीचा चेहरा उतरला. तिनं पडदा सर्रकन बाजूला केला. ऊन अंथरुणावर पडलं. बाईंनी उन्हाकडे पाहिलं, मिटलेल्या पानांकडे पाहिलं, मग सुनेकडे. जन्मभर शिकवलेला धडा. कळायला कितीसा वेळ लागणार?

"हिनं केलंय! रात्री दिवे लावून हिनं झाडाला फसवलं, मला वेडी ठरवायला!"

लेक आईचा हात धरून रडू लागली. मला त्या पोरीचीही चीड येते. एकदा तरी झाडाकडे वळून बघायचं होतं!

"वहिनी, तू सांगत होतीस ते मला पटत नव्हतं," डोळे पुसत ती म्हणाली. "आश्रमात आजच फोन कर."