जिलानी चाचांचं साबणपाणी

विमानाचे कार्बन फायबरचे भाग भाजायला मोठ्या कंपन्या ऑटोक्लेव्ह वापरतात, म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकर. तो आमच्या नांदेडच्या शेडमध्ये मावत नाही आणि ऐपतीत तर मुळीच नाही. नाजिया आणि मी चिकट राळ भरलेल्या कापडाचे थर साच्यावर बसवतो, वरून प्लॅस्टिकची पिशवी चिकटवतो आणि पंपानं आतली हवा ओढून घेतो. मग बाहेरची हवाच कापड दाबते. पुढचं काम साध्या भट्टीचं.

हैदराबादच्या एका कंपनीला विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला हलणारी छोटी झडप (फ्लॅप) नमुना म्हणून हवी होती. ती पास झाली तरच पुढचं काम मिळणार. कापड दोनच झडपांपुरतं होतं.

पहिल्याच वेळी दाबाचा काटा घसरायला लागला. पिशवीला कुठंतरी भोक होतं. आम्ही टेप आणायला गेलो आणि नाजियाचे अब्बा, जिलानी चाचा, यांना लक्ष ठेवायला बसवलं. चाचांचं अख्खं आयुष्य मुदखेडला पंक्चर काढण्यात गेलेलं. परत आलो तर खुशीत सांगतात, "साबणपाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा न्हाई. पिशवी लई भारी हाय."

ट्यूबमधून हवा बाहेर येते, म्हणून बुडबुडे दिसतात. इथं हवा आत जात होती, आणि तिच्यासोबत चाचांचं साबणपाणीही गेलं. झडपेचं वाटोळं झालं. मला तर पंप उचलून आपटावासा वाटला.

"अब्बा, उद्यापासून येऊ नका," नाजिया म्हणाली. चाचा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उरलेलं कापड साच्यावर बसवलं, तर ही बाई चाचांना स्वतःच घेऊन आली. "कालपासून जेवले न्हाईत. काटा तेच बघतील."

"नाजिया, शेवटचं कापड हाय हे."

"ठाऊक हाय मला, सत्यम."

चाचा काट्यासमोर स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. थोड्या थोड्या वेळानं हाळी यायची, "नाजिया, काटा हाय तिथंच हाय." माझं डोकं उठलं, पण ती दर वेळी उठून बघून यायची. चहा आला तरी चाचा हात काढेनात. शेवटी तिनंच बशी त्यांच्या तोंडाला लावली.

झडप भाजून निघाली आणि कंपनीचे साहेब आले. त्यांनी झडप उलटसुलट फिरवली, यंत्र लावलं आणि पास केली. "भाजताना लक्ष कोणाचं होतं?"

"माझ्या अब्बांचं," नाजिया म्हणाली. चाचांचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला सांगू.

साहेब गेल्यावर चाचांनी चपला पायात सरकवल्या आणि दारात घुटमळले. "काम तर झालं, बेटा. आता येऊ नको ना मी?"

नाजियानं खाली वाकून त्यांच्या पायातल्या चपला काढल्या आणि आत नेऊन ठेवल्या.